लाकूड कच्चं की पावसाळा?

जुलै लागला की लाकडी पेट्या बनवणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. जानेवारीत अलगद सरकणारं झाकण आता खाचेत घट्ट बसलंय, आणि घेणाऱ्याचा निकाल तयार असतो: "लाकूड कच्चं वापरलंत." बहुतेक वेळा हा आरोप खोटा असतो. पण तो इतका सर्रास होतो की चांगले सुतारही तो निमूट ऐकून घेतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

कच्चं लाकूड म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातली ओल सुमारे ३० टक्क्यांखाली उतरू लागली की ते आकसतं, टोकाला चिरा जातात, फळीला पीळ पडतो. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत साधारण वर्ष द्यायचं. शंका असेल तर तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोलायचा. हवा तशीच असून वजन उतरतच असेल तर लाकूड अजून वाळतंय. एवढं पुरे.

खरी गल्लत पुढे आहे. पूर्ण वाळलेलं लाकूडसुद्धा हलतं, आणि दरवर्षी हलतं. वाळणं एकदाच होतं. फुगणं-आकसणं लाकूड असेपर्यंत चालूच राहतं, कारण हवेतली ओल त्याच्या पेशींच्या भिंतीत जात-येत असते. मुंबईच्या हिवाळ्यात सागवानात साधारण ११ टक्के ओल असते. पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रतेत ते नीट मुरलं की १७ च्या आसपास जाते. या फरकाने १५० मिलिमीटर रुंदीचं झाकण दीड मिलिमीटरहून जास्त रुंदावतं. सरकत्या झाकणाला अडकायला एवढं रग्गड झालं.

आणि हे सगळं फक्त रुंदीत. धाग्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, लाकूड जवळजवळ तसूभरही वाढत नाही. पेटी बनवताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. पेटीच्या चारही भिंतींचे धागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवे जातात, म्हणून पेटीचा घेर बदलत नाही. तळाची फळी मात्र रुंदीत फुगते. तो तळ चारही बाजूंनी फेविकॉलने चिकटवला, वर पितळी चुकाही मारल्या, तर ऑगस्टमध्ये तो भिंतींना बाहेर ढकलतो आणि कोपऱ्याचे सांधे उघडतात. पेटी पावसाळ्यात बनवली असेल तर उलटं होतं: हिवाळ्यात तळ आकसतो आणि मधोमध चिरतो. असा चिकटवलेला तळ दिसला की मी ती पेटी विकत घेत नाही, पॉलिश कितीही देखणं असो. तळ खाचेत मोकळा बसवावा, आखूड बाजूंच्या मध्यावर गोंदाचा एकेक ठिपका पुरतो. हिवाळ्यात काम करत असाल तर रुंदीत दोनेक मिलिमीटर जागा सोडा. भर पावसाळ्यात जवळजवळ घट्ट बसवलं तरी चालतं.

"पण माझं तर जुन्या चाळीच्या तुळईचं बर्मा टीक आहे, शंभर वर्षं मुरलेलं." असेल. लाकूड सुंदर आहे आणि चिरण्याची भीतीही कमी, पण तेही पावसाळ्यात फुगणारच. वयापेक्षा फळी कशी कापली आहे ते बघा. टोकाकडून पाहिल्यावर वर्षवलयं उभी दिसत असतील तर ती फळी आडव्या वलयांच्या फळीच्या जेमतेम निम्मी हलते. झाकणासाठी मी तीच निवडतो, महाग पडली तरी.

पॉलिशने हे थांबत नाही, फक्त मंदावतं. त्यातही बाहेरून चकचकीत आणि आतून कोरं ठेवलेलं झाकण हमखास वाकतं, कारण दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओल घेत नाहीत. आतूनही तेवढेच हात मारा.

मग दोष कोणाचा ते ओळखायचं कसं? थांबायचं. पावसाळ्यात अडकलेलं झाकण दिवाळीनंतर आपोआप सुटू लागलं तर लाकूड वाळलेलंच होतं, सुताराने जागा कमी सोडली. पीळ पडला आणि तो पुढच्या उन्हाळ्यातही तसाच राहिला, तर कच्च्या लाकडाचा संशय रास्त आहे. घाईघाईने जुलैत रंधा मारलात तर डिसेंबरात तेच झाकण खुळखुळेल.

हाताने सुऱ्या बनवणाऱ्यांनाही हे चुकत नाही. मुठीच्या दोन लाकडी फाकांमधून जाणारी पोलादी पट्टी ओलीने फुगत नाही. पावसाळ्यात मूठ पट्टीशी सपाट घासून दिली की एसीत किंवा हिवाळ्यात लाकूड आकसतं आणि पोलादाची कड बोटाला लागते. तिथेही लगेच कच्च्या लाकडाचं नाव निघतं. मुठीसाठी मी रेझिन भरून स्थिर केलेलं लाकूडच सुचवतो. साधं लाकूडच हवं असेल, तर शेवटची घासणी कोरड्या दिवसांवर ठेवावी आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगावं.