पटकीच्या विषाचे पाच हात

"ताई, पाजलं का हगते पोरगं. मंग कायले पाजू त्याले?"

मेळघाटच्या पायथ्याला पाणी लागलं की ओआरएसची पुडी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आशाताईला हा प्रश्न हटकून ऐकावा लागतो. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, मग तोंडाने दिलेलं पाणी अंगी लागणार कसं, असं मोठमोठे डॉक्टरही कितीतरी वर्षं मानत होते. त्या माउलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका विषाच्या घडणीत आहे, आणि ती घडण कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

दुखणं आपल्या ओळखीचंच. कोणी पटकी म्हणतं, मेळघाटात हिंदीच्या शेजारामुळे हैजाही म्हणतात. जुना शब्द मोडशी. 16व्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगिजांनी तो उचलला, आणि पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचं 'कुत्र्याचं मरण' अशा अर्थाच्या शब्दांत रूपांतर झालं. गावोगावी मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत, तो याच रोगाच्या धास्तीने. आणि हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. 2022च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं पाणी पिण्यात आलं, पटकी पसरली, माणसं दगावली.

रॉबर्ट कॉख यांनी 1884मध्ये कोलकात्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला. हा जंतू विष सोडत असावा, हेही त्यांनी सुचवलं. पण ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कोणाला पकडता आलं नाही. शोधणारे ते रक्तात, पोटाच्या पोकळीत टोचून बघत. आतड्याच्या आत टाकून नीट बघण्याचं काम कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी केलं. 1953मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि मधल्या भागात जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तर तेवढाच तुकडा पाण्याने टच्च फुगलेला, तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने. 1959मध्ये ते पुढे गेले. ज्या रसात जंतू वाढवले तो गाळून जंतू पुरते काढून टाकले आणि नुसता गाळलेला रस टोचला. तरी आतडं फुगलं. म्हणजे जंतू हजर नसतानाही त्याने बाहेर सोडलेला पदार्थ काम करत होता.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. दत्त आणि त्यांचे सहकारी सशाच्या तान्ह्या पिल्लांवर हेच कोडं सोडवत होते. पानसे आणि कुलकर्णी ही मराठी नावंही 1959च्या त्या कामावर आहेत. शाळेच्या पुस्तकात कॉख असतात. डे, दत्त, पानसे, कुलकर्णी नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची पावलं भराभर पडली. 1969मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी विष शुद्ध रूपात काढलं. 1973पर्यंत हे विष पेशीवर नेमकं कशाला चिकटतं ते कळलं: जीएम1 नावाचा, पेशीच्या पडद्यात रोवलेला स्निग्ध रेणू, ज्याच्या डोक्यावर पाच साखरांची फांदी असते. ही साखर जंतूने आणलेली नाही, ती आपल्याच आतड्याची आहे. विष तिच्या मापाचं आहे.

ते माप प्रत्यक्ष दिसलं 1990च्या दशकात, क्ष-किरणांनी विषाच्या स्फटिकांचा अभ्यास झाला तेव्हा. 1991मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे आधी ई-कोलाय जंतूच्या जुळ्या भावासारख्या विषाची रचना उलगडली. लहान पोरांच्या पावसाळी हगवणीमागे बरेचदा हेच विष असतं, आणि ते पटकीच्या विषाशी जवळजवळ 80 टक्के जुळतं. 1995पर्यंत खुद्द पटकीचं विषही समोर आलं. बी नावाचे पाच सारखे तुकडे, प्रत्येकात 103 अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी), गोल कडं करून बसलेले. मधोमध भोक. कड्याच्या वर ए नावाचा मोठा तुकडा, आणि त्याची लांब शेपटी, गाडीच्या तुंब्यातून कणा जावा तशी, त्या भोकातून आरपार. प्रत्येक बीच्या खालच्या अंगाला एक खोबण असते. साखरेच्या फांदीची दोन टोकं, चिमटीची दोन बोटं रुतावीत तशी, तिच्यात रुततात. एक कुसळ धोतरातून उपटता येतं. इथे पाच एकदम रुतलेली असतात, सुटायचं नाव नाही.

कडं फक्त धरून ठेवतं. घात ए करतो. पेशी स्वतःच्याच वाहतुकीने विषाला आत नेते. तिथे ए चा पुढचा भाग सुटतो आणि पेशीच्या एका कळीला, म्हणजे बटणाला, असं काही चिकटवतो की ती चालू होते ती बंदच होत नाही. मग क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम (हे दोन्ही मिठाचेच घटक), त्यामागे पाणी. गंभीर रुग्णाचं तासाला लिटरभरही पाणी जाऊ शकतं. (या विषाची जनुकं मुळात जंतूची नाहीत, जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूने ती आणलेली आहेत, हे 1996मध्ये कळलं.)

आता त्या माउलीचा प्रश्न. या सगळ्या उलथापालथीत आतड्याचं अस्तर शाबूत राहतं. आणि एक वाट विष अडवत नाही: ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घेणारी. ती जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे आत जातं. 1971मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमांतून पाजायला लावलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. आज 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात टाकतात ती याच हिशेबाने. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ टाकलं तर उलटं होतं, म्हणून चमचा मोजूनच.

हगवण लगेच थांबत नाही, ही त्या माउलीची तक्रार खरी आहे. आधीच कळ दाबलेल्या पेशी झडून नव्या येईपर्यंत पाणी जातच राहणार. पोरानं ओकलं तर आशाताई दहा मिनिटं थांबायला सांगते, आणि मग पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करते. "हगू दे माय, तू पाजत राय. जेवढं जाते तेवढं आत गेलं पायजे."