बाळ आल्यावर बापाच्या शरीरात काय बदलते?

सांगली-मिरजेच्या जिममध्ये आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाबद्दल हल्ली असे बोलले जाते, की ते रक्तात जितके जास्त तितका माणूस अधिक मर्द. साहजिकच, मूल झाल्यावर ही पातळी उतरते हे कळताच अनेक तरुण धास्तावतात. त्यांची ही धास्ती अनाठायी आहे.

फिलिपिन्समधील सेबू भागातल्या 624 तरुणांची लाळ 2005 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये तपासली गेली, आणि संशोधक ली गेटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी पातळीचे पुरुषच संसारात रमत असतील, अशी शंका तोवर घेता येत होती. तीच माणसे दोनदा तपासल्यामुळे ती फिटली. सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती तेच पुढे संसार थाटून बाप होण्याची शक्यता अधिक निघाली, आणि बाप झाल्यावर त्यांची सकाळची पातळी साधारण 26, तर संध्याकाळची 34 टक्क्यांनी खाली आली. रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलाचे करणाऱ्या बापांमध्ये ती मुलाचे काहीच न करणाऱ्यांपेक्षा कमी होती. टांझानियातही असाच फरक दिसला: मुलांना अंगाखांद्यावर वागवणाऱ्या हाडझा समाजातील बापांची पातळी मुले नसलेल्या पुरुषांपेक्षा कमी भरली, तर लहान मुलांपासून दूर राहणाऱ्या दाटोगा पशुपालकांमध्ये तसा फरक आढळला नाही.

द्राक्षबागेत दिवसभर राबून आलेला तासगावचा तरुण बाप हातपाय धुऊन रडते बाळ खांद्यावर घेतो, ढेकर निघेपर्यंत त्याच्या पाठीवर थोपटत अंगणात येरझाऱ्या घालतो, तेव्हा त्याचे शरीर या नव्या कामाशी जुळवून घेत असते, असे मला या अभ्यासांवरून वाटते. त्यात त्याच्या ताकदीला कमीपणा आणणारे काहीही नाही.

नव्या बापाला जाणवणाऱ्या थकव्याचे कारण बहुधा बाळासाठीच्या जागरणात असते. आठवडाभर रोज पाचच तास झोपलेल्या निरोगी तरुणांची दिवसाची टेस्टोस्टेरॉन पातळी 10 ते 15 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्येच दुसऱ्या एका प्रयोगात दिसले होते. शिवाय ही पातळी सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते. म्हणून कामावरून सुटल्यावर रक्त देऊन आलेल्या एका आकड्यावर विसंबू नये. तपासणी सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा करावी लागते.

खरी काळजी वाटते ती कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना काम करण्याचा इशारा देणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी पूर्ण नाहीसे होतात. इंजेक्शने बंद केल्यावरही ते पूर्ववत व्हायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याला याची कल्पना बहुतेक वेळा कुणी आधी दिलेली नसते.