सहारातील साम्राज्ये आणि उंटाच्या देहातील पाण्याचा हिशेब

पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा सम्राट मन्सा मुसा हा आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस होता आणि आजच्या भावाने त्याची संपत्ती अमुक लाख कोटी रुपये भरेल, असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. १३१२ ते १३३७ या काळात राज्य केलेल्या या राजाच्या खजिन्याची मोजदाद कोणीही करून ठेवलेली नसल्यामुळे या आकड्यांना काडीचाही आधार नाही. जी नोंद खरोखर आहे, ती कितीतरी अधिक मोलाची आहे. १३२४ मध्ये हजला जाताना मुसा कैरोत थांबला आणि तेथे त्याने व त्याच्या लोकांनी इतके सोने वाटले व खर्चले की, पूर्वी चांदीच्या २५ दिरहमांच्या खाली कधी न उतरणारा मिस्कालभर (मिस्काल हे सोने तोलण्याचे वजन) सोन्याचा भाव २२ वर किंवा त्याच्याही खाली आला आणि सुमारे १२ वर्षांनंतरही तो सावरलेला नव्हता, असे अरब इतिहासकार अल्-उमरी लिहितो.

हे सोने सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतले होते. त्या मुलखात सोने मुबलक असले तरी मिठाची टंचाई होती आणि उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला घामावाटे गेलेले सोडियम रोजच्या रोज भरून काढावेच लागते. मीठ होते ते सहाराच्या पोटात, तगाझा येथे. १३५२ मध्ये सहाराच्या उत्तर काठावरील सिजिलमासा या व्यापारी शहराहून २५ दिवसांचा प्रवास करून मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तेथे पोहोचला, तेव्हा त्याला घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या चिऱ्यांनी बांधलेली आणि वर उंटाच्या कातड्यांचे छप्पर घातलेले दिसले. झाड औषधालाही नव्हते, पाणी मचूळ होते आणि जमिनीतून मिठाच्या जाड लाद्या खणून काढण्याचे काम गुलाम करत होते. अशा दोन लाद्या एका उंटावर लादल्या जात. त्यापुढे वाटेत सलग दहा दिवसांचा टप्पा असा होता की, जेथे पाणी क्वचितच मिळे.

हा टप्पा बैल किंवा घोडा पार करू शकत नाही आणि उंट करतो, याचे कारण विचारले की बहुतेक जण उंटाच्या मदारीत पाणी साठलेले असते असे सांगतात. मदारीत पाणी नसते, चरबी असते. एक ग्रॅम चरबी देहात जळली की एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी तयार होते हे खरे आहे; परंतु ती जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू कोरड्या हवेतून ओढून घेताना फुप्फुसांतून जवळपास तेवढेच पाणी बाहेर पडते आणि शिल्लक काहीच राहत नाही.

उंटाचे खरे कौशल्य पाणी साठवण्यात नसून ते खर्च न करण्यात आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने आपणही गार राहतो, कारण एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपले शरीर ३७ अंशांचा हट्ट सोडत नाही, म्हणून दुपारभर घाम गाळावाच लागतो. तहानलेला उंट हा हट्ट धरत नाही. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात अल्जीरियाच्या सहारात उंटांची तापमाने मोजली, तेव्हा पाणी न मिळालेल्या उंटाचे अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४१ अंशांच्या जवळ चढते, असे आढळले. सोयीसाठी हा फरक ६ अंश धरू. ५०० किलोंच्या उंटाचे तापमान ६ अंशांनी वाढण्यासाठी, देहाची विशिष्ट उष्णता (एक किलो देह एक अंशाने तापवायला लागणाऱ्या किलोकॅलरी) ०.८ धरल्यास, २,४०० किलोकॅलरी लागतात. त्यांना ५८० ने भागले की चार लिटरांहून थोडे अधिक पाणी येते. म्हणजे रोज एवढा घाम उंट गाळतच नाही. उष्णता दिवसभर अंगात जिरवून ठेवतो आणि रात्री मोकळ्या आकाशाखाली ती फुकट सोडून देतो. शिवाय अंगच तापलेले असल्यामुळे बाहेरची हवा आणि देह यांतील तापमानाचा फरक घटतो आणि हवेतून आत शिरणारी उष्णताही कमी होते.

नाकाची रचना तर मला याहूनही विलक्षण वाटते. उंटाच्या नाकपुडीच्या आत पातळ हाडांच्या अनेक वळकट्या असतात आणि त्यांवर त्वचेचे अस्तर असते. श्वास आत जाताना हे अस्तर गार आणि कोरडे होते. तोच श्वास ओला होऊन परत येताना या गार, कोरड्या पृष्ठभागावर आपली वाफ सोडून जातो. आपला उच्छ्वास मात्र वाफेने जवळजवळ संपृक्तच बाहेर पडतो.

एवढे करूनही पाणी घटतेच. पण ते बहुतांशी पेशी आणि ऊतींमधून जाते आणि रक्त फारसे दाट होत नाही, म्हणून वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे पाणी गेले तरी उंट चालत राहतो. माणसाचा जीव मात्र १०-१२ टक्क्यांतच धोक्यात येतो. विहीर लागली की हाच उंट दहाएक मिनिटांत १०० लिटरांच्या आसपास पाणी पितो आणि त्याच्या लंबगोल तांबड्या पेशी कितीतरी फुगल्या तरी फुटत नाहीत.

मात्र एकट्या उंटाने हा व्यापार उभा राहिला नाही. उंट सहारात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच रुळला होता आणि मोठा, नियमित व्यापार वाढला तो आठव्या शतकानंतर, उत्तर आफ्रिका इस्लामी सत्तेखाली आल्यावर. सिजिलमासात भांडवल घालणारा आणि दोन महिन्यांच्या वाटेवर दुसऱ्या टोकाला माल विकणारा यांच्यात आता एकच लिपी, एकच वजन आणि एकच कायदा आला. किराद नावाच्या करारात तोटा झाला तर भांडवलदाराचे पैसे बुडत आणि फिरत्या व्यापाऱ्याचे श्रम वाया जात. तंटा झालाच तर दोन्ही टोकांना काझी होता. दहाव्या शतकात अरब भूगोलकार इब्न हौकलने वाळवंटाच्या दक्षिणेकडील औदागुस्त शहराच्या एका व्यापाऱ्याने सिजिलमासाच्या व्यापाऱ्याला लिहून दिलेल्या ४२,००० दिनारांच्या (दिनार म्हणजे सोन्याचे नाणे) कर्जदस्ताची नोंद केली आहे. तेराव्या शतकात मक्करी घराण्यातील पाच भावांपैकी दोघे उत्तरेकडे त्लेमसेनला, दोघे दक्षिणेकडे वालाताला आणि एक मध्ये सिजिलमासाला राहून तराजूच्या काट्याप्रमाणे दोन्हीकडच्या बाजारभावांची खबर देत असे.

उंटाच्या देहाला मर्यादाही आहे. दक्षिणेच्या दमट, झुडपी प्रदेशातील त्से-त्से माशीमुळे होणारा रोग उंटाला झेपत नाही, त्यामुळे वालाता, तिंबक्तू, गाओ ही शहरे वाळवंटाच्या दक्षिण काठावर वसली. येथे उंटांवरचे ओझे उतरून गाढवांवर, होड्यांवर किंवा माणसांच्या डोक्यावर चढे. इस्लामही प्रथम याच काठावर रुजला. अकराव्या शतकात भूगोलकार अल्-बक्रीने वर्णिलेली जुन्या घाना साम्राज्याची राजधानी जोड-नगरांची होती. एका नगरात मुसलमान व्यापारी आणि १२ मशिदी होत्या. दुसऱ्यात आपला जुना धर्म पाळणारा राजा होता, ज्याचे दुभाषे, खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. हा राजा राज्यात येणाऱ्या मिठावर एक दिनार आणि बाहेर जाणाऱ्या मिठावर दोन दिनार कर घेई, आणि त्या कराचे माप अल्-बक्रीने गाढवाचे ओझे असे दिले आहे.