भुईभाडं की घरभाडं? बाल्टिमोरच्या जुन्या जाहिरातींतला घोळ

गेल्या वर्षी भाचीने अमेरिकेत बाल्टिमोरला विटांचं दोन मजली रो-हाउस घेतलं. सह्या करायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "मामा, घर आम्ही विकत घेतोय ना? मग दर वर्षी हे ९६ डॉलर भाडं कसलं?"

"भुईभाडं."

"म्हणजे घर भाड्याचंच?"

"नाही गं. घर तुझं. खालची जमीन भाड्याची."

तिचा हा गोंधळ नवा नाही, अडीचशे वर्षांचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली बाल्टिमोरची वर्तमानपत्रं चाळताना मीही सुरुवातीला असाच फसलो होतो. जाहिरातीत 'लेट' किंवा 'लीज' दिसलं की आपण 'भाड्याने देणे आहे' असं वाचून पुढे जातो. पण त्या शब्दांखाली दोन निराळे व्यवहार छापले जात. एकात भाडेकरू खरोखरच भाडेकरू असे. दुसऱ्यात तो जवळजवळ घरमालक असे.

त्या गावाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. १७२९ साली मेरीलँडच्या विधानसभेने पटॅप्स्को नदीकाठी गाव वसवायचा कायदा केला. कॅरोल कुटुंबाकडून ६० एकर जमीन घेतली आणि तिचे ६० भूखंड पाडले. दर एकरी ४० शिलिंग, आणि रोख नसेल तर पौंडभर वजनाला एक पेनी या भावाने तंबाखू चालेल, असं ठरलं. शिलिंगाचे बारा पेनी, म्हणजे एकराला ४८० पौंड तंबाखू! भूखंड घेणाऱ्याने १८ महिन्यांत किमान ४०० चौरस फुटांचं घर बांधायचं, नाहीतर भूखंड हातचा गेला, अशी अट होती. पुढचं सगळं समजायला दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. जमीन भरपूर होती पण रोकड नव्हती. आणि जमिनीला किंमत यायची ती कुणीतरी तिच्यावर भिंती उभ्या केल्यावरच.

गावाचं पहिलं वर्तमानपत्र 'मेरीलँड जर्नल अँड बाल्टिमोर अ‍ॅडव्हर्टायझर'. विल्यम गॉडर्डने २० ऑगस्ट १७७३ला त्याचा पहिला अंक काढला. थोड्याच दिवसांत कारभार त्याच्या बहिणीच्या, मेरी कॅथरिन गॉडर्डच्या हाती आला. गावची पोस्टमास्तरही तीच. त्या काळातल्या कितीतरी जाहिराती 'चौकशी मुद्रकाकडे करावी' या ओळीने संपत. बाल्टिमोरात त्याचा अर्थ, बाईंना विचारा.

आता साधी घरभाड्याची जाहिरात घ्या. तिच्यात घर आधीच उभं असतं. म्हणून ती घराचं वर्णन करते: विटांचं की लाकडी, मजले किती, तळघर आहे का, स्वयंपाकघर वेगळं आहे का, मागे तबेला आहे का, धक्का किती जवळ. रस्त्याकडेची खोली दुकानाला चालेल, हेही आवर्जून सांगितलेलं असतं. ताबा कधी मिळेल ते असतं. मुदत एखाद्या वर्षाची, फार तर काही वर्षांची. मुदत संपली की मालक भाडं वाढवू शकतो किंवा 'निघा' म्हणू शकतो. हे आपल्याला पाठ आहे, अकरा महिन्यांच्या कराराची सवय असलेल्यांना तर जास्तच.

भुईभाड्याच्या जाहिरातीत घराचा पत्ताच नसतो. तिथे फक्त फूट असतात: रस्त्याकडची बाजू किती फूट, तिथून मागच्या गल्लीपर्यंत लांबी किती फूट. मुदत असते ९९ वर्षांची, आणि तिला जोडून 'कायम नूतनीकरणक्षम' असे शब्द. म्हणजे ९९ संपली की पुन्हा ९९, आणि तसंच पुढे. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. भाडं वर्षाचं, ठरलेलं, कधीच न वाढणारं. घर भाडेकरूने स्वतःच्या पैशाने बांधायचं, कर त्याने भरायचा, छप्पर गळलं तर त्यानेच चढायचं. ते घर तो विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मुलाबाळांना ठेवू शकतो. विकलं तर घेणाऱ्याच्या गळ्यात भुईभाडंही आपोआप पडतं.

कुठली जाहिरात कुठल्या जातीची हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: छपराची दुरुस्ती कुणाच्या खिशातून? कायद्याच्या पुस्तकात याहून नेमक्या व्याख्या आहेत, पण जुना कागद हातात असताना हा प्रश्न लवकर कामाला येतो.

दोन्ही बाजूंना यात काय मिळत होतं? सुतार-गवंड्यांकडे हात होते, भांडवल नव्हतं. जमिनीची किंमत एकरकमी द्यायची नाही म्हटल्यावर होता तो सगळा पैसा विटा-चुन्यात घालता येई. जमीनवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या चालणारं उत्पन्न मिळे, आणि त्याची हमी म्हणून त्याच्याच जमिनीवर दुसऱ्याने बांधलेलं घर उभं असे. धंदा म्हणून बघितला तर बेत पक्का होता. जुन्या मुंबईची फझेंदारी ठाऊक असेल त्याला हे चटकन कळेल. तिथेही जमीन फझेंदाराची, घर राहणाऱ्याने बांधलेलं आणि भाडं फक्त भुईचं. दोन्ही बंदरं, दोन्हीकडे जागेची भूक. कायदा मात्र वेगवेगळ्या मुळांतून आलेला.

आता असा एक पट्टा, म्हणजे भुईभाड्याचा करार, जवळून बघू, कारण आकड्यांत मजा आहे. १७९१ साली बाल्टिमोरमधली एक जागा ९९ वर्षं, कायम नूतनीकरणक्षम, अशी दिली गेली. भाडं वर्षाला १५ पौंड, मेरीलँडच्या चलनात. पण ते नुसते '१५ पौंड' लिहून थांबले नाहीत. भाडं इंग्लिश सोन्याच्या गिनींत द्यायचं, प्रत्येक गिनी ५ पेनीवेट ६ ग्रेन वजनाची, ३५ शिलिंग दराने, किंवा तेव्हाच्या ठरलेल्या वजन-दराच्या इतर सोन्याचांदीत. १५ पौंड म्हणजे ३०० शिलिंग, हिशेब केला तर वर्षाला साधारण साडेआठ गिनी होतात. ५ पेनीवेट ६ ग्रेन म्हणजे १२६ ग्रेन, आजच्या मापात ८.१६ ग्रॅम. टांकसाळीतून निघालेली कोरी गिनी साधारण १२९ ग्रेनची असे. म्हणजे थोडीफार झीज चालेल, पण कडा कातरलेलं नाणं चालणार नाही. भाडं घ्यायला बसायचं तर शेजारी तराजू हवाच.

इतकं बारीक का लिहिलं? भाडं कधीच वाढणार नसेल तर पैशाची किंमत घसरण्याची भीती पूर्णपणे घेणाऱ्याच्या माथी येते. वर्ष-दोन वर्षांच्या घरभाड्यात नाण्याचं वजन लिहायची गरज तेवढी नसे, पुढच्या वर्षी भाडं वाढवता येई. शंभर-दोनशे वर्षांच्या व्यवहारात तो दरवाजा बंद. आणि ही काळजी फुकट गेली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकारने कागदी नोटा काढल्या, तेव्हा नेमक्या याच पट्ट्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ठरवलं की सोन्याचांदीचा शब्द दिला असेल तर फेडही नाण्यांतच व्हायला हवी. मेरीलँडच्या जुन्या हिशेबात डॉलर साडेसात शिलिंगांचा, म्हणजे तंटा होता वर्षाच्या ४० डॉलरचा. एवढ्या रकमेसाठी वॉशिंग्टनपर्यंत जाणाऱ्यांचा मला हेवाच वाटतो.

वॉशिंग्टनवरून आठवलं. 'मेरीलँड जर्नल'च्या त्या पहिल्याच अंकात खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनची जाहिरात होती, ओहायो आणि ग्रेट कनावा नद्यांकाठच्या वीस हजार एकरांहून जास्त जमिनीची. हव्या त्या आकाराचे तुकडे करून पट्ट्याने देईन, पहिली काही वर्षं भाडं माफ, मात्र दर ५० एकरांमागे ३ एकर साफ करून, कुंपण घालून कसायला हवेत. ही ना घरभाड्याची जाहिरात, ना शहरी भुईभाड्याची. ही शेतजमिनीची कुळवहिवाट. पण विचार तोच: ओसाड जमीन माझी, तिला किंमत आणणारे कष्ट तुझे.

सर्वांत फसवी जाहिरात आणखी वेगळी असते: 'भुईभाडं विकणे आहे'. इथे घर विकत नाहीत आणि राहायला जागाही मिळत नाही. विकतात तो दर वर्षी भाडं वसूल करायचा हक्क. आजच्या भाषेत रोखा म्हणा. जुन्या कागदांत अमक्याने अमक्या गल्लीत 'मालमत्ता घेतली' असं वाचून तो तिथे राहायला आला असं समजणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

फिलाडेल्फियातही भुईभाडं होतं, पण जरा वेगळं. तिथे जमिनीची मालकीच घेणाऱ्याकडे जाई आणि विकणारा तिच्यावर कायमचं वार्षिक भाडं राखून ठेवी. बाल्टिमोरात मात्र मालकी नाही, पट्टाच मिळे. फरक बारीक वाटतो, पण वारसाहक्काच्या वेळी महागात पडे, कारण पट्टा कायद्याच्या लेखी जंगम मालमत्तेत मोडे.

या दोन भाड्यांतला खरा बोचरा फरक थकबाकीच्या वेळी कळतो. घरभाडं थकलं तर भाडेकरू बाहेर जातो, पण घर मुळात त्याचं नव्हतंच. भुईभाडं थकलं तर जमिनीसकट त्याने पैसे मोजलेलं घरही जाऊ शकत असे. हा इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २००६ साली 'बाल्टिमोर सन' या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की अगदी किरकोळ थकबाकीपायी माणसांची घरं जात होती. २००७ साली मेरीलँडने घरांवर नवं भुईभाडं लावायला बंदी घातली आणि जुन्यांची नोंदणी सक्तीची केली.

भाचीला मी शेवटी एवढंच विचारलं, "पट्ट्याची तारीख काय आहे?" कारण भुईभाडं एकरकमी देऊन सोडवता येतं की नाही, आणि किती रकमेत, ते तारखेवर ठरतं. ८ एप्रिल १८८४पूर्वीचा पट्टा असेल तर सोडवून घ्यायचा हक्कच मुळात नव्हता. १८८४ ते १८८८मधला असेल तर रक्कम ४ टक्क्यांच्या हिशेबाने, म्हणजे ९६ डॉलरला २,४००. त्यानंतरचा, पण १९८२च्या आधीचा असेल तर ६ टक्क्यांनी, म्हणजे १,६००. तिचा पट्टा १९२०च्या आसपासचा निघाला. तिने सोळाशेचा चेक फाडला.