वाळूतलं फुरसं आणि सीमेवरचा जवान

उन्हाळ्यात जैसलमेर-बाडमेरकडची वाळू दिवसा इतकी तापते की बाहेर एकही जीव दिसत नाही. साप, विंचू, उंदीर, खोकड, सगळे बिळात किंवा झुडपाच्या मुळाशी दडून बसतात आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडतात. सीमेवरची गस्तही रात्रीच महत्त्वाची असते. जवान आणि साप यांची गाठ पडते ती मुख्यतः यामुळे. साप अंगावर धावून येतो म्हणून नव्हे, तर दोघे एकाच वेळी, एकाच जमिनीवर, अंधारात वावरत असतात म्हणून.

त्यात जवानाची राहण्याची जागाही सापाच्या सोयीची असते. खंदक, बंकर, वाळूच्या पोत्यांची भिंत, ताडपत्रीखाली रचलेली लाकडं, हे सगळं थंड, अंधारं आणि फटींनी भरलेलं. कोठारात पीठ, डाळ, तांदूळ आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या वासावर साप येतो. चौकी जितकी जुनी, तितके तिथले उंदीर स्थिरावलेले. तिथे नव्याने आलेल्या जवानाला कोठारात अंधारात हात घालू नकोस, बूट झटकल्याशिवाय पायात चढवू नकोस, असं बजावावं लागतं ते याचमुळे.

थरच्या या वाळवंटात ज्या सापाची खरी धास्ती, तो म्हणजे फुरसं. मराठी माणसाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. कोकणात कातळावर, दगडाखाली, पालापाचोळ्यात सापडणारं हे छोटंसं जनावर. रत्नागिरी जिल्ह्यात ते एके काळी इतकं होतं की 1862 च्या डिसेंबरात सरकारने बक्षीस लावल्यावर अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. कोकणातलं फुरसं साधारण फूटभर लांब. थरमधलं त्याच जातीचं असलं तरी ती वेगळी उपजात आहे आणि अंगाने बरीच मोठी होते, अडीच फुटांपर्यंतही. रत्नागिरीचा किंवा सिंधुदुर्गाचा मुलगा सैन्यात जाऊन राजस्थानात पोचला, तर त्याला हा साप ओळखीचा वाटेल, पण आकार पाहून तो चपापेल.

वाळूत फुरसं अंग पुरून बसतं आणि फक्त डोळे व डोक्याचा वरचा भाग बाहेर ठेवतं. विजेरीच्या उजेडातही ते दिसणं कठीण. चालतं तेही सरळ नाही. अंगाचे काही भाग उचलत ते तिरकं सरकतं, त्यामुळे सुटी, तापलेली वाळू घसरली तरी पुढे जाता येतं. धोका वाटला की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं. कुशीवरचे तिरपे, करवतीच्या दात्यांसारखे खवले घासले जाऊन कढईत काही तळल्यासारखा चरचर आवाज होतो. इतर साप फुत्कार टाकतात आणि फुत्कारात श्वासाबरोबर ओलावाही बाहेर जातो. कोरड्या प्रदेशातल्या सापाने आवाजासाठी खवले वापरले ते पाणी वाचवण्यासाठी असावं, असं काही संशोधकांना वाटतं. मला हा तर्क फार पटतो, कारण वाळवंटातल्या प्राण्याचं सगळं शरीरच पाण्याच्या काटकसरीवर उभं असतं. गस्तीवरच्या माणसासाठी मात्र त्या आवाजाचा अर्थ एकच: पाय जिथे आहे तिथेच थांबव.

फुरशाचं विष रक्तावर हल्ला करतं. त्यात इकॅरिन नावाचं एक प्रथिन असतं. आपल्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यासाठी लागणारा घटक तयार असतो, पण झोपलेला असतो. इकॅरिन त्याला गरज नसताना जागं करतं. मग सगळ्या शरीरात बारीक बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि त्यात गोठण्याचा सारा साठा संपून जातो. काही तासांनी अशी वेळ येते की रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर जीवावर बेततं.

हे ओळखण्याची एक तपासणी दूरच्या चौकीवरही करता येते, म्हणून तिच्याबद्दल मला विशेष आदर आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं, म्हणजे विषाने काम केलं आहे. वीज नको, यंत्र नको. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निष्कर्ष चुकतो. (याच फुरशाच्या विषातल्या आणखी एका रेणूचा नमुना समोर ठेवून टिरोफिबान हे हृदयविकारात गुठळी रोखणारं औषध घडवलं गेलं.)

थरच्या गावांत आणखी एका सापाची दहशत आहे. त्याला तिथे पीवणा म्हणतात. तो रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो आणि सकाळी माणूस मेलेला सापडतो, अशी समजूत. या समजुतीमागे निरीक्षण अगदी खरं आहे, चुकलंय ते फक्त कारण. हा साप म्हणजे मण्यार. ती रात्री भक्ष्य शोधत फिरते, जमिनीवर झोपलेला माणूस कुशीवर वळतो आणि तिच्यावर दाब पडतो. दंश इतका हलका की अनेकदा माणूस जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, दातांच्या खुणाही दिसतील असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यारीचं विष चेतातंतूच्या टोकालाच इजा करतं, तिथून स्नायूला निरोप जाणंच बंद होतं. एकदा ही इजा झाली की प्रतिविष ती भरून काढू शकत नाही, ते फक्त रक्तात फिरणारं उरलेलं विष अडवतं. चेतातंतूची ती टोकं सावरेपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस. दिला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून उठल्यावर पोट दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत असं सांगणाऱ्या जवानाला पित्ताची गोळी देऊन झोपवणं घातक ठरू शकतं. बचावाचा उपाय मात्र साधा आहे. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, आणि नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असं दिसलं आहे.

सर्पदंशावरच्या औषधाचा इतिहास लष्करी डॉक्टरांशी जोडलेला आहे. आल्बेर काल्मेत हे फ्रेंच नौदलाचे डॉक्टर. 1891 मध्ये ते सायगावला (आजच्या व्हिएतनाममध्ये) असताना पुरामुळे एका गावात नाग शिरले, अनेकांना चावले, आणि पकडलेले नाग त्यांच्याकडे पाठवले गेले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी प्राण्यांना विषाचे थोडे थोडे डोस देऊन त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. ते सगळ्याच सापांवर चालेल, असं त्यांना वाटत होतं. हा समज भारतात मोडून काढणाऱ्यांत कॅप्टन जॉर्ज लॅम्ब होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या या डॉक्टरांनी मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) 20 व्या शतकाच्या सुरुवातीला काम केलं आणि नागाचं प्रतिविष घोणशीच्या विषावर उपयोगी पडत नाही हे दाखवलं. त्यातूनच पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांविरुद्धचं एकत्रित प्रतिविष आलं. आजही देशभर तेच वापरतात.

पण लॅम्ब यांनी दाखवलेली गोष्ट आणखी खोल जाते. एकाच जातीच्या सापाचं विषही प्रदेशागणिक बदलतं. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. 1978 मध्ये उभी राहिलेली ही संस्था असंख्य जीव वाचवते आहे. तरी दक्षिणेतल्या फुरशाच्या विषावर बनवलेलं औषध थरमधल्या मोठ्या फुरशावर तितकं चालत नाही, हे बिकानेर आणि जोधपूरच्या डॉक्टरांना रुग्णांमध्ये दिसलं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये थरचं फुरसं, सिंध मण्यार, ईशान्येकडचा एकचष्मी नाग आणि पट्टेरी मण्यार यांची विषं तपासली, आणि बाजारातली प्रतिविषं त्यांच्यापुढे कमी पडतात असं त्यांना आढळलं. ज्या जवानाची आज बदली राजस्थानात आणि उद्या नागालँडला होते, त्याच्यासाठी ही प्रयोगशाळेपुरती बाब नाही. त्याच्या चौकीवर कुपी आहे, पण ती दुसऱ्या सापाच्या विषावर बनलेली असू शकते. प्रादेशिक प्रतिविष तयार करण्याचं काम याहून खूप आधी व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सापांच्या या चर्चेत एक गोष्ट विसरू नये. युद्धात सैन्य लोळवतात ते बहुतेक वेळा छोटे जीव. 1943 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे 120 जण आजारी पडून माघारी न्यावे लागत होते, असं ब्रिटिश सेनानी जनरल विल्यम स्लिम यांनी नोंदवलं आहे. त्यात मलेरिया होता, हगवण होती, आणि गवतातल्या बारीक माइटच्या अळ्या चावून होणारा स्क्रब टायफस हा तापही होता. उत्तर बंगालमध्ये बिन्नागुडीच्या छावणीत हत्ती शिरतात, लडाखमध्ये छावण्यांच्या उष्ट्या-खरकट्यावर पोसलेली भटकी कुत्री वन्यजीवांच्या मुळावर उठली आहेत. उघड्यावर टाकलेलं अन्न आणि त्यावर येणारा प्राणी, ही साखळी उंदीर-सापाचीच आहे, फक्त मोठ्या मापाची.

दंश झाल्यावर काय करायचं, हे आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ-बूट काढायचे, आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, आणि माणसाला चालत न नेता रुग्णालयात पोचवायचं. सीमेवर अडचण शेवटच्या सूचनेची आहे. वाळूतून कित्येक किलोमीटर, तेही रात्री.

म्हणूनच तोंडावाटे घेता येईल अशा औषधाचा शोध सुरू आहे, आणि त्यात पुन्हा सैन्यच पुढे आहे. व्हॅरेस्प्लॅडिब नावाचं औषध सापाच्या विषातल्या एका मोठ्या गटाच्या विकरांना (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) अडवतं. त्याच्या विकासाला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पैसा दिला, कारण सैनिकाच्या खिशात मावेल असा उपाय त्यांना हवा आहे. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, पण दंशानंतर लवकर औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. फुरशाच्या विषात मात्र जस्तावर चालणाऱ्या विकरांचा वाटा मोठा, इकॅरिन त्यातलंच. त्यांच्यासाठी दुसरा उमेदवार आहे युनिथिऑल. हे औषध शरीरातले धातू पकडतं, म्हणून पारा आणि आर्सेनिकच्या विषबाधेत ते वापरतात. विकराचं जस्त त्याने काढून घेतलं की विकर निकामी होतं. केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची पहिली चाचणी सुरक्षित ठरली आहे. ज्या औषधापासून ते घडवलं गेलं, ते डायमरकॅप्रॉल, दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये तयार झालं होतं, ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूपासून सैनिकांना वाचवण्यासाठी.