भरलेली पट्टी उडायची तेव्हाची गोष्ट

२०१५ च्या आसपास सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाला हळदीच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशोबाचा कागद) करायचं वेब सॉफ्टवेअर करून दिलेलं. दिवाणजींनी पोती, वजन, दर, हमाली, तोलाई असं बत्तीस ओळी भरलं आणि एक आकडा खोडायला बॅकस्पेस दाबलं, पण कर्सर चौकटीत नव्हताच, पान सरळ मागं गेलं. "अहो, मघाशी भरलेलं गेलं कुठं?" काय सांगणार! (क्रोमनं बॅकस्पेसचा हा घोळ २०१६ ला ५२ व्या व्हर्जनमध्ये काढला, कारणही हेच, लोकांचे फॉर्म उडत होते.)

मुळात वेबची घडणच तशी. १९९५ च्या आरएफसी १८६६ (वेब पानं लिहायच्या एचटीएमएल भाषेचे नियम) मधले फॉर्म बघा, सबमिट दाबेपर्यंत टाईप केलेलं फक्त ब्राउझरमध्ये, सर्व्हरला पत्ताच नाही. दुकानात कच्ची वही असते, पक्क्यावर उतरवेपर्यंत ती कुणी टाकून देत नाही. वेबला कच्ची वहीच नव्हती.

मग मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये बिफोरअनलोड आणलं, म्हणजे पान सोडताना "खरंच जाताय का?" विचारणारा डबा. फसव्या साइट्सनी त्यात वाट्टेल तो मजकूर घालून लोकांना अडकवायला सुरुवात केली, म्हणून फायरफॉक्सनं २०११ ला आणि क्रोमनं २०१६ ला साइटचा मजकूर दाखवायचं बंदच केलं, आता ब्राउझरचं एकच ठरलेलं वाक्य येतं, ते न वाचताच लोक ओके करतात. फोनवर तर या डब्याचा भरवसाच नाही. आणि सिंगल पेज ॲपमध्ये (एकच पान, फक्त आतला भाग बदलत राहतो) आतल्या आत मेनू बदलला तर पान सुटतच नाही, मग तो डबा येणार कुठनं, तिथं राउटरमध्ये (ॲपमधला आतली पानं बदलणारा कोड) आपणच अडवायचं. माझ्या मते विचारत बसण्यापेक्षा गुपचूप जपून ठेवलेलं बरं.

ते जमायला लागलं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टमुळं, १९९९ चं, आउटलुकच्या वेब मेलसाठी केलेलं, पान न हलवता सर्व्हरला माल पोचवणारं. पण लाईटबरोबर नेटपण गेलं तर? त्यासाठी लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमध्येच माहिती साठवायची जागा, २००९ ला आयई ८ आणि फायरफॉक्स ३.५ मध्ये आलं. आम्ही दर पाच सेकंदाला तिथं ड्राफ्ट टाकायला लागलो, पान उघडलं की "अर्धी पट्टी आहे, पुढं भरू?"

झालं म्हणेपर्यंत शेठनी घरनं तीच पट्टी उघडून दर बदलला आणि दिवाणजींच्या जुन्या ड्राफ्टनं तो परत पुसला. मग प्रत्येक पट्टीला व्हर्जन नंबर दिला, नंबर जुना असला की सेव्ह नाकारायचं आणि दोन्ही दर शेजारी दाखवायचे. कुठला खरा ते शेठनी आणि दिवाणजींनी फोनवर बोलून ठरवायचं.