सात बिया, एक रोप आणि तांबेरा: कॉफी जगभर कशी पसरली

कॉफीचा विषय निघाला की इथिओपियातला तो काल्दी आणि त्याच्या लाल फळं खाऊन नाचणाऱ्या शेळ्या येतातच. पण अशी गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती १६७१ मध्ये, तीही रोममध्ये, आणि काल्दी हे नाव तर त्याला नंतर चिकटलं, त्यामुळे शेळ्या बाजूलाच ठेवू. झाड मात्र खरंच तिकडचं. नैऋत्य इथिओपियातल्या काफाच्या जंगलात अरेबिका, म्हणजे कॉफीची सगळ्यात जास्त लावली जाणारी जात, आजही रानात आपोआप वाढते. पेय म्हणून तिचा पक्का पुरावा मिळतो तो समुद्रापलीकडे येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. सूफी मंडळी रात्रभर जिक्र, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, करायची, डोळे मिटू नयेत म्हणून हे प्यायची.

तिथून मक्का, कैरो, १५५० च्या दशकात इस्तंबूल, १६५२ मध्ये लंडन असा प्रवास झाला आणि जवळपास सगळीकडे कोणी ना कोणी बंदीही घालून पाहिली. मक्केत १५११ ची बंदी कैरोच्या सुलतानाने उठवली, आणि इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरमध्ये कॉफीहाउसं बंद करायचा हुकूम काढला तर एवढी बोंबाबोंब झाली की जानेवारीत तो गुंडाळावा लागला. राजेलोकांना कॉफीचं वावडं नव्हतं हो, चार टाळकी एका टेबलावर बसून सरकारला शिव्या घालतात ही खरी पोटदुखी.

आता खरी गंमत इथून आहे. सतराव्या शतकात जगाला विकायची कॉफी जवळजवळ सगळी येमेनची, मोखा आणि आसपासच्या बंदरांतून जाणारी. सुरतेचे व्यापारी तिथे कापड विकून चांदी घेऊन यायचे, आणि त्या चांदीतली बरीचशी कॉफीच्याच जोरावर येमेनमध्ये आलेली असायची. एवढा पैसा असल्यावर रोप कोण बाहेर जाऊ देणार? उगवेल असं बी देशाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत असं सांगतात. त्यातून हजहून परतताना सूफी संत बाबा बुडन यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही आपल्याकडची कथा. सातच का, कुणास ठाऊक, पण तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि कॉफी तिथे अजून पिकते.

डचांनी मलबारातून रोपं जावाला नेली, १६९६ ची पहिली खेप पुरात गेली, १६९९ ची जगली. १७०६ मध्ये जावातलं एक झाड ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं. त्याचंच एक पिल्लू १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं आणि त्या वंशातलं रोप घेऊन १७२३ च्या सुमारास द क्लिए नावाचा फ्रेंच अधिकारी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाकडे निघाला. जहाजावर पाणी संपत आलं तेव्हा स्वतःच्या वाट्याचं पाणी त्याने रोपाला घातलं म्हणे. हे लिहून ठेवलंय त्याने स्वतःच, त्यामुळे किती मानायचं ते आपण ठरवावं. १७२७ मध्ये पालेता नावाच्या माणसाने फ्रेंच गयानातून ब्राझीलला बी नेलं, त्यातही गव्हर्नरच्या बायकोने फुलांच्या गुच्छात लपवून दिल्याची स्टोरी आहे.

या रोमँटिक गोष्टींत एक भाग नेहमी गाळला जातो, तो म्हणजे मळ्यात राबलं कोण. १७८० च्या दशकाच्या शेवटी जगातली निम्मीअर्धी कॉफी एकट्या सँ-दोमँगमधून, म्हणजे आजच्या हैतीतून यायची, सगळी गुलामांच्या कष्टावर, आणि १७९१ मध्ये तिथे उठाव झाला. मग ब्राझील पुढे आलं, तेही गुलामीवरच, जी तिथे थेट १८८८ मध्ये संपली.

एका रोपावरून एवढे मळे झाले कारण अरेबिकाला जोडीदार लागत नाही, स्वतःच्याच परागाने फळ धरतं. पण त्यामुळे सगळी झाडं जवळपास सारखीच, एकाला रोग लागला की सगळ्यांना. १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, नेमकं हेच झालं. पानाच्या खालच्या बाजूला केशरी भुकटी, बोट लावलं तर बोटाला येते, मग पानगळ आणि झाड बोडकं. आपल्याकडे गव्हावर येतो तसाच तांबेरा, फक्त बुरशी वेगळी. वीसेक वर्षांत तिथला कॉफीचा धंदा बसला आणि मळेवाल्यांनी त्याच डोंगरांवर चहा लावला, सिलोन टी म्हणून पुढे जो गाजला तो.

जावातही तोच प्रकार, म्हणून तिथे आफ्रिकेतून रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात आणली. चव जरा कडवट, पण तांबेऱ्याला दाद देत नाही. पुढे १९२० च्या दशकात तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टाचा आपोआप झालेला संकर सापडला, कोणी मुद्दाम केलेला नव्हता. आज तांबेऱ्याला टिकणारे जे वाण विकले जातात त्यातल्या बऱ्याच जणांच्या वंशात हे तिमोरचं झाड आहे. तेही कायमचं औषध नाहीच, होंडुरासमधला लेम्पिरा हा त्याच घराण्यातला वाण २०१७ पर्यंत तांबेऱ्याला बळी पडायला लागला होता.